लैंगिक गुन्ह्यातील शिक्षेविरुद्ध अपील: आधी तारीख पाहा

सत्र न्यायालयात शिक्षा सुनावली गेली की पहिल्या आठवड्यात आरोपीच्या घरचे साधारण तीन गोष्टी करतात. मोठा वकील शोधतात, जामिनासाठी पैशांची जुळवाजुळव करतात आणि कुणी तरी सुचवलं म्हणून समोरच्या कुटुंबाकडे मध्यस्थ पाठवतात. तिसरी गोष्ट नवा गुन्हा ठरू शकते. पहिल्या दोहोंच्या घाईत चौथी राहून जाते, ती म्हणजे निकालपत्र वाचणं. पीडितेच्या घरी वेगळं घडतं. शिक्षा झाली, आता संपलं असं समजून ते लोक कोर्टाकडे पाठ फिरवतात. मग वर्षभराने कळतं की उच्च न्यायालयात अपील दाखल आहे आणि आरोपी गावात परत आला आहे. हा लेख दोन्ही घरांसाठी आहे, कारण अपिलाचे नियम दोघांनाही ठाऊक असायला हवेत.

निकालपत्राची एक प्रत तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला ताबडतोब आणि फुकट मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये हा त्याचा हक्क लिहिलेला आहे. ही प्रत हातात आली की शेवटचं पान उघडू नका. पहिल्या पानांवर घटनेची तारीख शोधा आणि ती मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. लैंगिक गुन्ह्यांतल्या शिक्षेवरचं अर्धं भांडण या एका तारखेवर उभं असतं.

कारण असं की गेल्या बारा-तेरा वर्षांत या गुन्ह्यांच्या शिक्षा अनेकदा बदलल्या. प्रौढ स्त्रीवरील बलात्काराला पूर्वी किमान सात वर्षं होती, पण ‘पुरेशी आणि विशेष कारणं’ नोंदवून न्यायाधीश त्याहून कमी शिक्षा देऊ शकत. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर फेब्रुवारी २०१३ पासून ही सवलत काढून टाकली गेली. एप्रिल २०१८ मध्ये किमान शिक्षा सातवरून दहा वर्षांवर गेली. बालकांसाठीचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला अमलात आला, तेव्हा कलम ४ खाली किमान सात आणि कलम ६ खाली किमान दहा वर्षं होती. १६ ऑगस्ट २०१९ पासून ती अनुक्रमे दहा आणि वीस झाली, आणि बालक सोळा वर्षांखालचं असेल तर कलम ४ खालीही वीस. घटना १ जुलै २०२४ ची किंवा त्यानंतरची असेल तर भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागते.

राज्यघटनेचं कलम २० स्पष्ट आहे: गुन्हा घडला त्या दिवशीच्या कायद्यात जेवढी शिक्षा होती, त्याहून जास्त देता येत नाही. हे वाचायला सोपं वाटतं, पण खालच्या कोर्टांकडून इथे चूक होते. छत्तीसगडमधल्या एका प्रकरणात घटना मे २०१९ ची होती, म्हणजे पोक्सोतल्या ऑगस्टच्या दुरुस्तीच्या तीन महिने आधीची. तरी आरोपीला नव्या तरतुदीनुसार ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’ जन्मठेप झाली आणि उच्च न्यायालयानेही ती कायम केली. शेवटी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी तशीच ठेवून शिक्षा जुन्या कायद्याप्रमाणे साधी जन्मठेप केली. दोन कोर्टं ओलांडून गेलेली ही चूक निकालपत्र वाचणाऱ्या कुणालाही सापडली असती.

तारखेनंतर कलम पाहा. नागपूरचं ‘त्वचेला त्वचा’ प्रकरण तुम्हाला आठवत असेल. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगावरून कपड्यांवरून हात फिरवणाऱ्या माणसाला विशेष न्यायालयाने पोक्सोच्या कलम ८ खाली तीन वर्षं दिली. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने थेट त्वचेचा स्पर्श नाही म्हणून पोक्सोतून त्याला सोडलं आणि विनयभंगाच्या कलमाखाली एक वर्ष ठेवलं. त्याविरुद्ध देशाचे ॲटर्नी जनरल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ नोव्हेंबर २०२१ ला न्यायालयाने सांगितलं की महत्त्व लैंगिक हेतूला आहे, कातडीला नाही, आणि तीन वर्षं परत आली. घटना तीच, पुरावा तोच. कलम बदललं आणि शिक्षा तीनवरून एक, एकवरून तीन झाली. म्हणून ‘शिक्षा जास्त आहे’ एवढंच म्हणणारं अपील दुबळं असतं. कोणतं कलम लागत नाही आणि का, हे सांगणारं अपील ऐकलं जातं.

किमान शिक्षा जिथे कायद्यानेच ठरवली आहे, तिथे त्याखाली उतरण्याची मुभा उच्च न्यायालयालाही नाही. आई म्हातारी आहे, घरात कमावता एकच, मुलं लहान आहेत, हे सगळं खरं असलं तरी उपयोग फक्त किमान आकड्याच्या वरच्या भागापुरता. वीस वर्षं हीच किमान असेल आणि वीसच दिली असतील, तर शिक्षेवर युक्तिवाद करण्यात वेळ घालवू नका. मग मुद्दा दोषसिद्धीचाच उरतो. उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने कलम ६ च्या जागी कलम ४ लावून दहाची सात वर्षं केली होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दहा केली.

आणखी तीन बारकावे निकालपत्राच्या शेवटच्या पानांवर तपासा. अनेक कलमांखाली शिक्षा झाली असेल तर त्या ‘एकत्र भोगायच्या’ असं लिहिलं आहे का? लिहिलेलं नसेल तर त्या एकामागून एक भोगाव्या लागू शकतात. एकाच कृत्यासाठी पोक्सो आणि दंड संहिता अशा दोन्हींखाली वेगवेगळी शिक्षा दिली आहे का? पोक्सोचं कलम ४२ म्हणतं की दोन्हींत जी जास्त, तीच द्यायची. आणि खटला चालू असताना तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा केले आहेत का? हे मुद्दे सुटून जातात, कारण सगळ्यांचं लक्ष मोठ्या आकड्याकडे असतं.

आता मुदत. सत्र न्यायालय किंवा विशेष पोक्सो न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला साठ दिवस मिळतात. फाशीची शिक्षा असेल तर तीस. विनयभंग, पाठलाग असे खटले दंडाधिकाऱ्यासमोर चालले असतील तर अपील सत्र न्यायालयात, तीस दिवसांत. निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ या मुदतीतून वगळतात, म्हणून नक्कल विभागात अर्ज कधी दिला आणि नक्कल कधी मिळाली या तारखांचा शिक्का जपा. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्यात कारण पटण्यासारखं हवं. पैसे नव्हते हे कारण तितकं चालत नाही, कारण विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे तुरुंगातल्या प्रत्येक माणसाला, तसंच प्रत्येक स्त्रीला आणि बालकाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. दूरध्वनी मदत क्रमांक १५१००. तुरुंगात असलेला माणूस कारागृह अधीक्षकांच्या हाती अपील देऊ शकतो आणि ते कायद्याने ग्राह्य असतं. वकील मिळेपर्यंत थांबून मुदत घालवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

कोणत्या खंडपीठाकडे जायचं हा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रात आणि दक्षिण कोकणात आता बदलला आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सावंतवाडीच्या माणसाला आता प्रत्येक तारखेला मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही, ही गोष्ट वकिलांच्या फीइतकीच महत्त्वाची आहे. विदर्भासाठी नागपूर, मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यासाठी पर्वरी ही खंडपीठं आधीपासून आहेत.

अपील दाखल होणं आणि आरोपी बाहेर येणं या दोन वेगळ्या गोष्टी. बाहेर येण्यासाठी शिक्षेला स्थगिती मागावी लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल आणि आरोपी खटल्यात जामिनावर असेल, तर ज्या कोर्टाने शिक्षा दिली तेच कोर्ट अपील करण्यापुरता वेळ देऊन शिक्षा थांबवू शकतं. हा अर्ज निकालाच्याच दिवशी तयार ठेवायचा असतो. शिक्षा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर उच्च न्यायालयाने सरकारी वकिलाला लेखी विरोध मांडायची संधी दिल्याशिवाय सुटका होत नाही. ठरावीक वर्षांची शिक्षा असेल तर स्थगितीकडे उदारपणे पाहावं असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटलं होतं. पण त्याच वाक्यात अपवादात्मक परिस्थिती वगळून असंही आहे, आणि बालकांवरच्या गुन्ह्यांत तो अपवाद लगेच उभा राहतो. या टप्प्यावर सगळा पुरावा उकलत बसणारा वकील बहुधा हरतो. निकालपत्रावर नजर टाकताच दिसेल अशी एखादी ठळक त्रुटी दाखवावी लागते.

जाता जाता एक गैरसमज. शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणजे दोषसिद्धी थांबली असं नाही. सरकारी नोकरी गेली असेल तर ती या आदेशाने परत येत नाही. दोषसिद्धीलाच स्थगिती वेगळी मागावी लागते आणि लैंगिक गुन्ह्यांत ती क्वचितच मिळते.

दोषसिद्धीविरुद्ध मुद्दे काढताना वयाचा कागद सगळ्यात आधी हातात घ्या. पोक्सो लागतो की नाही हे मुलगी घटनेच्या दिवशी अठराच्या खाली होती का यावर ठरतं, आणि बालक बाराच्या, सोळाच्या की अठराच्या खाली यावर शिक्षा बदलते. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिला आहे: शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे काहीच नसेल तर हाडांवरून वैद्यकीय तपासणी. शाळा सोडल्याचा दाखला या यादीत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. आपल्याकडे खेडोपाडी एक जूनला जन्मलेल्या माणसांची संख्या किती आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला हा मुद्दा समजवायला नको. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख कशावरून लिहिली, शाळेचं जनरल रजिस्टर कोर्टात आलं होतं का, ते सिद्ध करायला मुख्याध्यापकांची साक्ष झाली का, उलटतपासणीत त्यांना काय विचारलं, हे पाहा. पीडितेच्या बाजूलाही हेच लागू आहे. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला घरात असूनही खटल्यात दिला गेला नसेल, तर अपिलात अतिरिक्त पुरावा घेण्याची विनंती करता येते.

डीएनएचा अहवाल सकारात्मक आहे म्हणून अपील संपत नाही, पण त्याला नुसतं खोटं म्हणूनही भागत नाही. नमुना कधी घेतला, सील कुणी केलं, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात किती दिवस पडून होता, प्रयोगशाळेत पोचला तेव्हा सील शाबूत होतं का, तपासणाऱ्या तज्ज्ञाची साक्ष झाली का, ही साखळी कागदांवरून जुळवावी लागते. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं, त्यात नमुन्यांच्या या साखळीवरचा संशय हे एक मोठं कारण होतं.

काही मुद्दे अपिलात घालूच नका. पीडितेच्या पूर्वीच्या संबंधांवर बोट ठेवणं पुराव्याच्या कायद्यात बसत नाही. ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हक्कभंग करणारी ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं सांगितलं. अंगावर जखमा नव्हत्या, ती ओरडली नाही, हा युक्तिवाद तर आपल्याच विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्याच्या प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला होता. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेले दोन पोलीस त्यावर सुटले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये त्याविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज कायद्यात स्पष्टच लिहिलं आहे की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही. तरीही असे अपील मेमो आजही लिहिले जातात, बहुतेक जुन्या मसुद्यातून उतरवलेले. न्यायाधीशाचा पहिला कल बिघडवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

आणि तो मध्यस्थ. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोड शिक्षा कमी करण्याचं कारण होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये सांगितलं. निकालानंतर पीडितेकडून ‘माझी तक्रार नाही’ असं प्रतिज्ञापत्र आणलं की काम होईल, असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्या कुटुंबावर दबाव आणल्याची तक्रार झाली तर मिळालेली स्थगितीही जाते. दोघांचं पुढे लग्न झालं, मूल झालं अशी प्रकरणं असतात. मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या अशा एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरवूनही शिक्षा दिली नाही. पण ते राज्यघटनेच्या कलम १४२ खालच्या खास अधिकारातून झालं. तो अधिकार उच्च न्यायालयाला नाही आणि त्या निकालाला पायंडा समजू नये असंही न्यायालयाने बजावलं. गावात ‘लग्न लावून द्या, सुटेल’ असं म्हणणाऱ्यांना हा अर्धा निकाल मात्र पाठ असतो.

अपील केलं तर शिक्षा वाढेल का, ही भीती खूपजणांना असते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका विनयभंगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठामपणे सांगितलं. शिक्षा वाढवून मागणारं अपील सरकारने स्वतंत्रपणे केलं तर तो धोका उभा राहतो, आणि तेव्हाही आरोपीला निर्दोष सुटकेची मागणी त्याच सुनावणीत करता येते.

इथून पुढचं पीडितेच्या कुटुंबासाठी. आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा नुकसानभरपाई अपुरी मिळाली, तर तुम्हाला स्वतःचं अपील करता येतं, आणि सुटकेविरुद्ध त्यासाठी न्यायालयाची आगाऊ परवानगी लागत नाही, हे २०१८ मध्ये ठरलं. पण कलम बरोबर आणि शिक्षा मात्र कमी, अशी तक्रार असेल तर तुम्ही थेट अपील करू शकत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं. तो अधिकार फक्त सरकारचा. म्हणून निकालानंतर पहिल्याच आठवड्यात सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि एक प्रत विधी व न्याय विभागाला पाठवा. सरकारचे साठ दिवस फायलीच्या प्रवासातच निघून जातात.

आरोपीने शिक्षा स्थगितीचा अर्ज केला तर तुम्हाला कळायला हवं. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडितेला म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पोक्सोच्या प्रकरणांत अर्जांची नोटीस कुटुंबाला देण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये निर्देश दिले. मात्र नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. घर बदललं असेल तर पोलीस ठाण्यात आणि सरकारी वकिलांकडे नवा पत्ता, फोन क्रमांक लेखी कळवा. तुमच्या अपिलात पीडितेचं नाव घालण्याची गरज नाही, हे डिसेंबर २०१८ च्या निकालात नमूद आहे. आणि निकालपत्राचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, दोन्ही बाजूंनी. त्यातून मुलीची ओळख उघड झाली तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. दंडातून द्यायची भरपाई अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत हातात पडत नाही. तोवर पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

बलात्काराच्या शिक्षेविरुद्धचं अपील सहा महिन्यांत निकाली काढावं असं कायद्यात लिहिलं आहे. त्यावर घरचे बेत आखू नका. कोपर्डीच्या बलात्कार-खून खटल्यात अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये फाशीची शिक्षा दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये मुख्य दोषी येरवडा कारागृहात मृतावस्थेत सापडला, तेव्हाही प्रकरण उच्च न्यायालयात लांबलेलंच होतं. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात एप्रिल २०१४ च्या फाशीच्या शिक्षेवर उच्च न्यायालयाचा निर्णय नोव्हेंबर २०२१ ला आला आणि ती आमरण जन्मठेपेत बदलली. एवढ्या काळात वकील बदलतात, काही हयात राहत नाहीत. तारखेला वकील आला नाही म्हणून दाखल करून घेतलेलं फौजदारी अपील न्यायालय नुसतं फेटाळू शकत नाही, ही त्यातली दिलाशाची बाब. दोषी व्यक्तीचा मृत्यू झाला तर अपील संपतं, पण नाव निष्कलंक व्हावं असं वाटणाऱ्या जवळच्या नातेवाइकांना तीस दिवसांत ते पुढे चालवण्याची परवानगी मागता येते.

उच्च न्यायालयात हरल्यावर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, मुदत नव्वद दिवस. उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवून दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा दिली असेल तर तिथे अनुमती मागावी लागत नाही, अपील हक्काने होतं. दिल्लीतलं काम इंग्रजीत चालतं, म्हणून मराठीतल्या साक्षी, पंचनामे, जबाब यांचं भाषांतर करून घ्यावं लागतं. त्याला आठवडे लागतात. उच्च न्यायालयातला युक्तिवाद संपून निकाल राखून ठेवला असेल, तेव्हाच ते सुरू करा, आणि भाषांतर झालेलं प्रत्येक पान मूळ कागदाशी घरातल्या कुणी तरी ताडून पाहा, विशेषतः वयाचे आकडे आणि तारखा.